परदेशी पाहुण्यांसाठी एकोणीस सूचना

परक्या गावात माणसानं कुणावर विश्वास ठेवू नये, हे मी पोटासाठी लिहीत असे. आमच्या कारखान्यात परदेशातून इंजिनिअर यायचे, कुणी सहा महिन्यांसाठी, कुणी दोन वर्षांसाठी. त्यांना घर शोधून देणं, पोलिसांत नोंद करणं, गॅसची टाकी, पाण्याचा फिल्टर, कामवाली, हे सगळं माझ्याकडं होतं. त्यातच त्यांच्या सुरक्षेसाठी मी एक कागद तयार केला होता. एकोणीस सूचना, एकाच बाजूला छापलेल्या, वरून प्लॅस्टिक लावलेल्या, फ्रिजला चिकटवता येतील अशा. त्या कागदाचा मला फार अभिमान होता. आता लाज वाटते असं म्हणायला हरकत नाही, पण खरी लाज वाटलेला माणूस असा पानभर बोलत बसत नाही, हेही मला कळतं.

कागदाचा साचा माझा नव्हता. तरुणपणी कारखान्यानं मला तीन महिने जर्मनीला प्रशिक्षणासाठी पाठवलं होतं. तिथं पहिल्याच दिवशी असा एक कागद माझ्या हातात पडला. दार उघडण्याआधी बाहेर कोण आहे ते बघा, एकटे राहता हे कुणाला सांगू नका, किल्ली कुणाकडं ठेवू नका. मी तीन महिने दाराला साखळी लावून बसलो. खालच्या मजल्यावरचा म्हातारा रोज सकाळी हात वर करायचा, त्याच्याकडंही मी हा काय काढून घेणार अशा नजरेनं बघायचो. पुढं हे काम माझ्याकडं आलं तेव्हा मी तो जुना कागद काढला आणि आयत्या पिठावर रेघोट्या ओढल्या. तिथल्या लोकांच्या जागी आमची माणसं घातली, एवढाच बदल.

काही सूचना मात्र अस्सल माझ्या होत्या. सातवी: घराची किल्ली कामवालीकडं देऊ नये. नववी: स्वयंपाकघरात, मागच्या दारावर नजर राहील असा कॅमेरा लावावा. अकरावी: स्वच्छतेच्या दृष्टीनं कामवालीचा कप वेगळा ठेवावा. सतरावी: चोरी झाल्यास कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकून सर्वांना सावध करावं.

अकराव्या सूचनेबद्दल थोडं सांगतो. आमचं मूळ गाव कन्नड तालुक्यात. घरात जमीन, आणि जमिनीबरोबर येणारा ताठाही. गावातल्या घरी मागच्या खिडकीत एक कानतुटकी कपबशी कायम पालथी असायची. ती कुणासाठी आहे हे आम्हा पोरांना कुणी शिकवलं नव्हतं, तरी पक्कं माहीत होतं. तीच कपबशी मी इंग्रजीत उचलून फ्रिजवर चिकटवली आणि तिला स्वच्छता असं नाव दिलं. इंग्रजीत फार सभ्य दिसत होती.

एक जर्मन जोडपं आलं तेव्हा मी त्यांना गारखेड्यात घर बघून दिलं, आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून. नवरा सकाळी कारखान्यात जायचा आणि बाई दिवसभर घरात एकटी. पहिले दोन महिने तिनं माझा कागद अक्षरशः पाळला. दूधवाल्याला, टँकरवाल्याला, वर्गणी मागायला आलेल्या शिवजयंतीच्या मंडळाला, सगळ्यांना साखळीच्या फटीतूनच बोलायची. शेजारणी हळदीकुंकवाला बोलवायला गेल्या तर तिनं आधी मला फोन करून विचारलं की या बायका कोण आहेत. मी म्हटलं, जाऊ शकता, पण घरात कुणी नाही हे सांगू नका. तिचा घाबरटपणा बघून मला बरं वाटायचं. एखाद्या जाणत्या बाईला आपल्याशिवाय चालत नाही, यात एक हलकट सुख असतं.

मग मी तिला कामवाली मिळवून दिली. पन्नाशीची विधवा बाई, मूळची गंगापूरकडची, आता आमच्याच भागाच्या मागं वस्तीत एका खोलीत राहणारी. चार घरची कामं करायची. चारही घरांतून मी चौकशी केली, सगळ्यांनी एकच सांगितलं की घर उघडं टाकून जा, सुईसुद्धा हलणार नाही. अशा बाईची मालमत्ता म्हणजे हे बोलणंच. ते आहे तोवर काम आहे.

दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. सुरुवातीला त्यांनी फोनमधून भाषांतर करून बघितलं, पण त्या फोनला गंगापूरकडचं बोलणं काही झेपेना. तो भलतंच काहीतरी सांगायचा आणि दोघी हसत बसायच्या. शेवटी त्यांनी फोन ठेवून दिला आणि हातवाऱ्यांवर भागवू लागल्या. भांडणाचं किंवा पगाराचं काही असेल तर मला बोलवायच्या. म्हणजे त्या घरात एकीचं बोलणं दुसरीकडं पोचायचा रस्ता एकच, आणि तो माझ्या तोंडातून जायचा.

एकदा मी पाण्याच्या फिल्टरचं बघायला गेलो होतो. दोघी टेबलाशी समोरासमोर बसून चहा पीत होत्या, एकसारख्या दोन निळ्या कपांतून. मला बघून जर्मन बाई उठली, फ्रिजवरचा कागद काढून आणला, अकराव्या सूचनेवर बोट ठेवलं, मग त्या बाईकडं बोट केलं, मग कपाकडं. मला विचारलं की हे खरंच सगळ्या घरांत असतं का. मी म्हटलं, हो, साधारण असतं, आरोग्याचा प्रश्न आहे. ती हसली आणि कागद पुन्हा चिकटवला, पण उलटा.

कामवालीला इंग्रजी येत नव्हतं, पण बोट कळत होतं. मी निघालो तेव्हा ती मागून दारापर्यंत आली. आवाज जराही न चढवता म्हणाली, "साहेब, कागदावर तुम्ही लिवलं व्हय ते? राहू द्या. आमच्या आईच्या येळंला बिनकागदाचंच व्हतं."

एवढंच. चेहऱ्यावर राग नाही, रडगाणं नाही. तिनं शिवी दिली असती तर मी विसरलो असतो. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या त्या तिच्या शांतपणामुळं. त्या दिवसापासून मी तिची चूक सापडायची वाट बघू लागलो.

आमच्या शहरात नळाला पाणी चार-सहा दिवसांनी येतं आणि कधी येईल ते देवाला ठाऊक. पाणी आलं की कुणीतरी घरात हवं, नाहीतर टाकी कोरडी. जर्मन बाईनं म्हणून घराची एक किल्ली कामवालीला देऊन टाकली. मी सातवी सूचना दाखवली. ती म्हणाली, माझी टाकी तिच्यामुळं भरते, तुमच्या कागदामुळं नाही. हेही मी मनात नोंदवून ठेवलं.

त्या वर्षी पोळ्याला आजूबाजूच्या सगळ्या घरांतून त्यांच्याकडं पुरणपोळ्या गेल्या. नवी सून आल्यासारखं कौतुक चाललं होतं. माझ्या बायकोनंही एका स्टीलच्या डब्यात सहा पोळ्या आणि तुपाची वाटी दिली. तिच्या लग्नातला डबा, तळाशी माझ्या सासऱ्यांचं नाव कोरलेलं, मूळचं झाकण हरवल्यामुळं वर पितळी मुठीचं दुसरंच झाकण. जर्मन बाईच्या ओट्यावर पाच-सहा घरचे डबे जमले. तिला ते सगळे सारखेच. दुसऱ्या दिवशी ती आणि तिचा नवरा तीन दिवसांसाठी मुंबईला गेले. त्याच दिवशी कामवाली आमच्या गल्लीतून जाताना माझ्या बायकोनं तिला हाक मारून सांगितलं की माझा पितळी मुठीचा डबा तिकडं राहिलाय, तेवढा आणून दे.

दुसऱ्या दिवशी दुपारी डबा आला. मी घरीच होतो. बायकोनं झाकण उघडलं, आत बोटभर साखर. ती खूश झाली. म्हणाली, गोरी बाई असून रीत शिकली, रिकामा डबा पाठवला नाही. मी म्हटलं, ती मुंबईत आहे, हिनंच घातली असेल. बायको म्हणाली, तिनं घातली तरी घराची लाज राखली ना. आणि त्याच साखरेचा चहा तिनं मला करून दिला. मी तो प्यायलो. हे मी आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढं मला काही माहीत नव्हतं असं मला म्हणता येणार नाही.

जोडपं परत आलं त्या संध्याकाळी नवऱ्याचा मला फोन आला की जरा घरी या. गेलो तर टेबलावर लॅपटॉप उघडा. नवव्या सूचनेनुसार लावलेल्या कॅमेऱ्यातलं चित्र. कामवाली ओट्याशी येते, इकडं-तिकडं बघते, साखरेची बरणी उघडते, एका स्टीलच्या डब्यात साखर ओतते, झाकण लावते, डबा पिशवीत घालून मागच्या दारानं जाते. पितळी मूठ स्पष्ट दिसत होती. ती इकडं-तिकडं बघत होती ते चमचा शोधत होती. चमचा सापडला नाही म्हणून तिनं बरणी तिरपी केली. आपल्याकडच्या कुठल्याही माणसानं हे एकदा बघून सांगितलं असतं.

नवरा म्हणाला, साखरेचं काही नाही, पण किल्ली तिच्याकडं आहे. जर्मन बाई त्याच्याकडं न बघता माझ्याकडं बघत होती. तिनं विचारलं, यात तुमच्याकडची काही पद्धत आहे का? एखाद्याला साखर देण्याची? माझ्यासाठी हे महत्त्वाचं आहे, नीट विचार करून सांगा.

विचार करायची गरजच नव्हती. चार शब्द पुरे होते. माझ्या डोक्यात त्या वेळी काय होतं ते मी लपवत नाही. दोन निळे कप होते. उलटा चिकटवलेला कागद होता. शिवाय डबा आमचा निघाला तर साहेबाच्या घरची साखर माझ्या घरी गेली असं दिसेल, ही भीतीही होती, पण ती मागाहून आली. आधी आला तो आनंद.

मी म्हटलं, "नाही. अशी काही पद्धत नाही."

तिला दुसऱ्या दिवशी सकाळी समोर बसवलं. बसवलं म्हणजे ती नेहमीच्या खुर्चीवर बसायला गेली आणि मी तिला उभं राहायला सांगितलं. नवऱ्यानं लॅपटॉप फिरवला. तिनं स्वतःला पडद्यावर बघितलं आणि आधी कौतुकानं हसलीच. मग आमचे चेहरे बघून तिचं हसू गेलं. मी विचारलं, साखर का घेतली?

"डबा रिकामा कसा देनार, साहेब? तुमच्याच घरचा डबा व्हता. ताईंनी मागितला, म्हन्लं म्याडम नाहीत तर त्यांच्या वतीनं बोटभर साखर घालावी. रिकामा डबा गेला तर नाव त्यांचंच जाईल ना. सांगा की त्यांना."

जर्मन बाईनं मला विचारलं की ती काय म्हणाली.

"चूक झाली म्हणतेय. माफी मागतेय."

जर्मन बाई म्हणाली, ती तर बरंच बोलली. मी म्हटलं, हे लोक बोलतात बरंच, मुद्दा एवढाच आहे.

कामवाली आमच्या दोघांच्या तोंडाकडं बघत होती. तिचं एवढं लांबलचक बोलणं दोन तुकड्यांत संपलेलं तिनं ऐकलं होतं. तिनं कमरेची किल्ली काढली आणि टेबलावर ठेवली, माझ्यासमोर नाही, जर्मन बाईसमोर. तिचा हात जरा वेळ किल्लीवरच राहिला. जर्मन बाई रडत होती. नवरा म्हणाला, पोलीस वगैरे नको, विषय संपवा.

तिथं तो संपलाही असता. पण मला सतरावी सूचना होती ना. त्याच दुपारी मी लॅपटॉपच्या पडद्यावरून टिपलेला तिचा फोटो कॉलनीच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं की परदेशी पाहुण्यांच्या घरी हातचलाखी करताना सापडली, सर्वांनी सावध राहावं. लोकांनी हात जोडले, अंगठे दाखवले, आभार मानले. सुई हलणार नाही म्हणणाऱ्या चारही घरांनी तिला आठवड्याच्या आत बंद केलं. एकीनं तर लिहिलं की मला आधीपासूनच संशय होता. कुंपणानं शेत खाल्लं आणि गावानं कुंपणाचा सत्कार केला.

संध्याकाळी बायकोनं फोटो बघितला. मला विचारलं, काय चोरलं म्हणे हिनं? मी म्हटलं, साखर. तिनं फोटो मोठा केला. पितळी मुठीवर तिचं बोट थांबलं. "आपला डबा," ती म्हणाली. मग माझ्याकडं बघून विचारलं, "तुम्ही तिथं होतात ना?" मी म्हटलं, माझ्या नोकरीचा प्रश्न आहे, गप्प बस. तिनं ग्रुपवर दोन ओळी लिहिल्या, बराच वेळ त्यांच्याकडं बघितलं आणि पुसून टाकल्या. तीही मूग गिळून बसली. फक्त त्यानंतर पंधरा दिवस माझ्या एकट्याच्या चहात ती त्या डब्यातली साखर घालत होती. स्वतःला घरातली वेगळी. डबा संपेपर्यंत मी रोज चहा पूर्ण प्यायलो.

संक्रांतीच्या सुमारास जर्मन बाईचा फोन आला. तिनं शेजारणीची वाटी धुऊन परत केली होती. शेजारीण थट्टेनं म्हणाली की अगं, रिकामी नसते देत, चिमूटभर साखर तरी घालायची. शेजारणीला इंग्रजी येत होतं, हे माझं दुर्दैव. फोनवर जर्मन बाई ओरडली नाही. तिनं एवढंच विचारलं की तुम्हाला हे माहीत नव्हतं का. मी म्हटलं, घरोघरी वेगळं असतं, आमच्यात नाही. तिनं विचारलं, आणि डबा कुणाचा होता? मी म्हटलं, कुणातरी शेजाऱ्याचा असेल.  ती म्हणाली, मला तिच्या घरी घेऊन चला, तुम्हीच चला, कारण तिचं बोलणं तुम्हालाच कळतं.

रविवारी सकाळी गेलो. एक खोली, पत्र्याचं छप्पर, भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, खाली घासून चकचकीत केलेली चार भांडी. शेजारच्या बाईनं सांगितलं की घरकाम कुणी देत नाही, आता ती एका मंगल कार्यालयात जेवणावळीची भांडी घासते, लग्न असेल तेव्हाच काम. ती दारात आली. हातांची सालं निघाली होती. मला बघून तिच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. जर्मन बाईला म्हणाली, "या म्याडम, बसा."

जर्मन बाई खाटेवर बसली आणि बोलू लागली. मला रीत माहीत नव्हती, मी विचारायला हवं होतं, मी तुझं बोलणं ऐकायला हवं होतं, परत ये. या वेळी मी एकही शब्द गाळला नाही. सगळं मराठीत केलं, रडण्याच्या जागा सोडून. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

जर्मन बाई उत्तराची वाट बघत होती. कामवाली माझ्याकडं वळली.

"काय सांगू? मी बोलते ते त्यांच्यापतूर पोचत नाय. येवढंच सांगा, किल्ली नको मला आता कुनाच्या घरची."

मी सांगितलं. जर्मन बाईनं मान खाली घातली. मग मी स्वतःहून म्हटलं की ग्रुपवर गैरसमज झाल्याचं लिहून टाकतो. कामवाली म्हणाली, लिवा. त्या संध्याकाळी मी खरंच लिहिलं. त्याखाली लगेच कुणीतरी विचारलं की उद्या पाणी येणार का, आणि सगळे त्यावर बोलू लागले. तिला पुन्हा कुणी काम दिलं नाही.

पण ते नंतरचं. तेव्हा तिथं तिनं स्टोव्ह पेटवला आणि चहा ठेवला. चहात साखर घालताना तिनं डबा सावकाश तिरपा केला, चमचा न वापरता. दोन कपांत चहा ओतला. एक जर्मन बाईच्या हातात दिला, दुसरा स्वतः घेतला आणि तिच्याशेजारी खाटेवर बसली. मी दाराच्या चौकटीत उभा होतो. मग तिनं माझ्याकडं बघितलं.

"साहेब, तुम्हाला येगळा कप लागतो. माझ्याकडं दोनच हायेत."

जर्मन बाईनं विचारलं, काय म्हणाली?

"घरात कप दोनच आहेत म्हणतेय," मी सांगितलं.

जर्मन बाई लगेच उठली आणि तिनं स्वतःचा कप माझ्यापुढं धरला, म्हणाली, मग माझ्यातला घ्या. कामवाली कपाच्या काठावरून माझ्याकडं बघत होती. मी चहा पीत नाही, असं मी सांगितलं.